मदरबोर्डावरचे भाग ओळखायचे कसे: मॉडेल नंबरापासून शेवटच्या पिनेपर्यंत, क्रमाने

मदरबोर्ड समोर आला की लोक आधी रंग बघतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. व्हिडिओतल्या बोर्डावर रॅमचा स्लॉट निळा होता म्हणून आपल्याकडचा निळा स्लॉटपण रॅमचाच असणार असं धरून चालतात, मग त्यात रॅम बसत नाही म्हणून जोर लावतात. किंवा इंदुरातल्या सिल्व्हर मॉलमधे जाऊन दुकानदाराला सांगतात, 'भिया, बोर्ड खराब झालाय, दुसरा द्या', त्यानं विचारलं कोणता बोर्ड, तर उत्तर काय, 'इंटेल'. अहो इंटेल हा प्रोसेसर झाला, बोर्ड कोणता ते सांगा की.

तर रंग विसरा. भाग ओळखायला तीनच गोष्टी धरायच्या: बोर्डावर छापलेलं नाव, खाच किंवा पिनांची रचना, आणि सीपीयूपासून, म्हणजे प्रोसेसरपासून, तो भाग कुठे आहे ती जागा. या तीनपैकी दोन जुळल्या की समजा बरोबर, एकच जुळली तर हात लावू नका. बोर्डावरची सगळी अक्षरं इंग्रजीत असतात, मी इथे उच्चारानं लिहितोय तेवढं सांभाळून घ्या.

तयारी: उघडायच्या आधी

पॉवर केबल भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण कॉम्प्युटर बंद असला तरी एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा) ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन बोर्डाला चालूच असते (२४ पिनच्या केबलीतली जांभळी वायर तीच). केबल काढली की कॅबिनेटचं पॉवर बटण आठ-दहा सेकंद दाबून धरा, साठलेला करंट निघून जातो. बोर्डावर छोटा एलइडी असेल तर तो विझलाय का बघा.

मग हातातली स्टॅटिक. इंदुरात एप्रिल-मेत हवा इतकी कोरडी असते की खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो, आणि तोच चटका चिपला बसला तर चिप गेली, वरून काही दिसणारपण नाही. टेरिकॉटचा शर्ट घालून, गालिच्यावर बसून बोर्ड हाताळू नका. काम सुरू करताना आणि मधेमधे एसएमपीएसच्या उघड्या धातूला, म्हणजे त्याच्या स्क्रूला, बोट लावा. बोर्ड बाहेर काढायचाच असेल तर कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा, गादीवर किंवा सोफ्यावर नको.

लागणार काय: फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, मऊ पेंट ब्रश, मोबाइलचा टॉर्च आणि कॅमेरा, एक फूटपट्टी. मल्टिमीटर असला तर उत्तम.

सगळ्यात महत्त्वाचं, एकही वायर काढायच्या आधी फोटो काढा. वरून एक पूर्ण फोटो, मग चारी कोपऱ्यांचे जवळून, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या बारीक वायरींचे दोन वेगवेगळ्या बाजूंनी. ते फोटो काढायचा कंटाळा केला तर नंतर त्याच वायरी पुन्हा लावण्यात संध्याकाळ जाते.

सावधान: धूळ काढायला बोर्ड पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरनं फुंकून आणणारे लोक आहेत. त्या हवेबरोबर पाणी आणि तेलाचे थेंब येतात. ब्रशनं झाडा, ब्लोअर वापरलात तर पंख्याची पाती बोटानं अडवून धरा, ती जोरात फिरू देऊ नका.

टप्पा १: बोर्ड सरळ धरा आणि मॉडेल वाचा

मागचे पोर्ट, म्हणजे यूएसबी, लॅन वगैरे, डाव्या हाताला आणि सीपीयू वरच्या अर्ध्यात असं धरा. टॉवर कॅबिनेट उघडलं की बहुतेक वेळा बोर्ड असाच दिसतो. इथून पुढे मी डावं-उजवं म्हणेन ते याच पोझिशनला धरून. अशा धरलेल्या बोर्डात रॅम सीपीयूच्या उजवीकडे, कार्डांचे स्लॉट खाली डावीकडे, चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप) खाली उजवीकडे, साटा पोर्ट (डिस्कच्या डेटा केबलीचे) उजव्या काठाला आणि बटणांच्या बारीक पिना खालच्या उजव्या कोपऱ्यात सापडतात. दहातले नऊ बोर्ड असेच असतात. कंपनीच्या रेडिमेड मशीनमधे मात्र फरक पडतो, डेल-एचपी-लेनोवोच्या ऑफिसवाल्या मशीनमधे कधीकधी पॉवर कनेक्टरसुद्धा त्यांच्या स्वतःच्याच नमुन्याचं असतं.

आता मॉडेल. ते मोठ्या अक्षरात, बहुतेक दोन स्लॉटच्या मधल्या जागेत किंवा सीपीयू आणि स्लॉटच्या मधे छापलेलं असतं. 'एच८१एम', 'बी४५०एम', 'एच६१०एम' अशी सुरुवात असली की समजा तेच. शेजारी किंवा एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'रेव्ह १.०', 'रेव्ह २.१' असं असतं तेपण लिहून घ्या, कारण त्याच नावाच्या दोन रेव्हिजनांची बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्रॅम) फाइल वेगळी असू शकते.

इथली सगळ्यात कॉमन चूक म्हणजे '९४व्ही-०' हे मॉडेल समजणं. लोक त्याच नंबरानं नेटवर ड्रायव्हर शोधत बसतात आणि जगभरच्या सगळ्या बोर्डांचे फोटो समोर येतात, कारण तो आकडा जवळजवळ प्रत्येक बोर्डावर असतो. प्लेट आग लवकर पकडत नाही याचं ते रेटिंग आहे, मॉडेलशी त्याचा काही संबंध नाही. बारकोडच्या स्टिकरवरचा लांबलचक नंबरपण मॉडेल नसतो, तो सीरियल असतो.

मशीन चालू होत असेल तर विंडोजमधे सिस्टीम इन्फर्मेशन उघडा, बेसबोर्ड प्रॉडक्ट या ओळीत तेच नाव दिसायला पाहिजे.

साइज मोजून घ्या: साधारण ३०५ बाय २४४ मिलिमीटर म्हणजे एटीएक्स, २४४ बाय २४४ म्हणजे मायक्रो एटीएक्स, १७० बाय १७० म्हणजे मिनी आयटीएक्स. स्वस्तातले मायक्रो एटीएक्स बोर्ड रुंदीला कमी असतात, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर घाबरू नका.

टप्पा २: पॉवरची कनेक्टरं आणि त्यांच्या शेजारचा सेक्शन

उजव्या काठावर, रॅमच्या बाजूला, बारा-बाराच्या दोन ओळींचं लांब कनेक्टर म्हणजे २४ पिनचं मेन पॉवर. खूप जुन्या बोर्डांवर ते २० पिनचं असतं.

दुसरं पॉवर कनेक्टर लोक हमखास विसरतात. सीपीयूच्या वर, डाव्या कोपऱ्याकडे ४ किंवा ८ पिनचं एक असतं, ते फक्त सीपीयूसाठी. हे लावायचं राहिलं की पंखे फिरतात, लाइट लागतात, आणि डिस्प्ले येत नाही. मग लोक रॅम बदलतात, प्रोसेसर बदलतात, शेवटी बोर्डच बदलून आणतात.

सावधान: सीपीयूचं ८ पिन आणि ग्राफिक्स कार्डाचं ८ पिन दिसायला सारखं, पण आत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट. प्लॅस्टिकचे आकार वेगळे ठेवलेत म्हणून सहज बसत नाही, पण जोर लावणाऱ्याला कोण अडवणार. सीपीयूची केबल दुभंगली तर ४ अधिक ४ अशी होते, ग्राफिक्सची ६ अधिक २. वायरी रंगीत असतील तर अजून सोपं: सीपीयूच्या केबलीत पिवळ्या वायरी खटक्याच्या बाजूला असतात, ग्राफिक्सच्या केबलीत खटक्याच्या विरुद्ध बाजूला. नवीन एसएमपीएसच्या वायरी सगळ्या काळ्या असतात तिथे कनेक्टरवर छापलेलं वाचा.

सीपीयूच्या डावीकडे आणि वर जे करडे-काळे चौकोनी ठोकळे ओळीनं बसलेत त्या कॉइल. त्यांच्या शेजारी चपट्या काळ्या चिपा म्हणजे मॉसफेट (महाग बोर्डात यांच्यावर हीटसिंक, म्हणजे उष्णता काढणारं धातूचं झाकण, असतं) आणि उभे गोल डबे म्हणजे कपॅसिटर. हा सगळा मिळून सीपीयूचा व्होल्टेज सेक्शन, १२ व्होल्ट आत घेतो आणि सीपीयूला लागतो तो सव्वा-एक व्होल्टच्या आसपासचा सप्लाय बाहेर देतो. दुकानात याला व्हीआरएम म्हणतात.

तपासा: जुन्या बोर्डात कपॅसिटरच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह किंवा के अक्षरासारखे काप असतात. ते डोकं सपाट पाहिजे. फुगलेलं, वर तपकिरी पपडी आलेलं किंवा खालून द्रव गळलेलं असलं तर तो गेलेला आहे. नवीन सॉलिड कपॅसिटरवर काप नसतात, वर नुसता रंगाचा पट्टा असतो आणि ते फुगून गेलेले क्वचितच दिसतात.

टप्पा ३: सीपीयूचं सॉकेट

नुसतं ओळखायचं असेल तर कूलर (प्रोसेसरवरचा पंखा आणि हीटसिंक) काढू नका, कारण काढला की दोघांमधली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावावी लागते. मॉडेल कळलं की सॉकेट नेटवर कळतंच. पण सेकंडहँड बोर्ड घेताना सॉकेट डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दोन जाती आहेत. एकीत पिना सॉकेटमधे असतात आणि प्रोसेसरच्या पोटाला नुसते सोनेरी ठिपके, ती एलजीए. इंटेलची ७७५, ११५५, ११५०, ११५१, १२००, १७०० ही सगळी एलजीए, आणि तो आकडा म्हणजे संपर्कांची संख्या. दुसऱ्या जातीत प्रोसेसरला पिना आणि सॉकेटला भोकं, एएमडीचं एएम४ तसलं. एएम५ आलं तेव्हा एएमडीपण एलजीएकडे गेली, त्यात १७१८ संपर्क आहेत. त्यामुळे 'पिना सॉकेटमधे म्हणजे इंटेल' हा जुना ठोकताळा आता चालत नाही. सॉकेटच्या प्लॅस्टिकवर किंवा लोखंडी फ्रेमवर नाव छापलेलं असतं, ते वाचा.

११५१ मधे एक गंमत आहे, म्हणजे घेणाऱ्याची फजिती आहे. ११५१ नावाचं सॉकेट दोन पिढ्यांत आलं, १०० आणि २०० सीरिजच्या चिपसेटचे बोर्ड सहाव्या-सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरला आणि ३०० सीरिजचे आठव्या-नवव्याला. प्रोसेसर दोन्हीत बसतो, पण कंपनीच्या हिशोबानं एकाचा दुसऱ्यात चालत नाही. एच११० बोर्डासाठी आठव्या जनरेशनचा आय५ स्वस्तात मिळाला म्हणून आणलेला घरी येऊन डब्यात पडतो. म्हणून नुसत्या सॉकेटवर खरेदी करू नका, पुढे टप्पा ५ मधे चिपसेट आहे तो जोडीला बघा.

एलजीएच्या पिना तपासायची पद्धत नीट समजून घ्या. वरून सरळ टॉर्च मारला तर सगळंच चमकतं आणि काही कळत नाही. टॉर्च सॉकेटच्या बाजूनं, जवळजवळ बोर्डाला टेकवून, तिरका धरा. पिनांची टोकं ओळीनं सारखी चमकतात, शेतातल्या पेरणीच्या रांगा दिसाव्यात तशी. ज्या ठिकाणी रांग तुटते, एखादं टोक दुसरीकडेच चमकतं किंवा काळा ठिपका दिसतो, तिथली पिन वाकलेली किंवा तुटलेली. मोबाइलनं झूम करून फोटो काढा आणि बोर्ड नव्वद अंशांत फिरवून पुन्हा एकदा तसंच बघा, कारण एकाच दिशेला वाकलेली पिन एका बाजूनं सरळच दिसते. बोटानं चाचपू नका, तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते.

सावधान: एएम४ चा कूलर सरळ वर ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसर लॉक केलेल्या सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या, बंद करून केबल काढा, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हळू पिळत सैल करा आणि नंतरच उचला.

टप्पा ४: रॅमचे स्लॉट

सीपीयूच्या उजवीकडे दोन किंवा चार उभे लांब स्लॉट, टोकांना पांढरे-काळे खटके. काही बोर्डांवर खटका फक्त वरच्या टोकाला असतो आणि खालचं टोक फिक्स, तिथे खालचा खटका शोधत ओढाताण करू नका.

कोणती रॅम ते बहुतेक वेळा स्लॉटजवळ छापलेलं असतं. नसेल तर खाच बघा. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही २४० पिनच्या, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही २८८ पिनच्या, पण प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी. त्यामुळे पिना मोजून फायदा नाही. रॅमची पट्टी स्लॉटच्या शेजारी आडवी धरा, खाच आणि स्लॉटमधला दांडा समोरासमोर आला तर ती त्याची. थोडाही सरकलेला दिसला तर दुसऱ्या पिढीची आहे, घुसवू नका. व्होल्टेजपण वेगळे आहेत, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१.

चार स्लॉट असले आणि पट्ट्या दोन असल्या तर बहुतेक बोर्डांवर सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे लावतात, म्हणजे ए२ आणि बी२. रंगाची भानगड इथे जास्तच आहे, कारण सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीनं रंग देत नाहीत. ए१, ए२, बी१, बी२ ही अक्षरं बघा, ए आणि बी ही दोन वेगळी चॅनल (रॅम ते प्रोसेसर डेटाचे मार्ग), दोघांत एकेक पट्टी गेली पाहिजे.

सेकंडहँड मार्केटात सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम फार स्वस्त मिळते, खाचपण जुळते आणि पट्टी मस्त बसते. साध्या डेस्कटॉप बोर्डावर ती चालत नाही. स्टिकरवर आर अक्षर असलेलं पीसी३ किंवा पीसी४ कोड दिसलं, उदाहरणार्थ '२१३३पी-आर', तर परत ठेवा.

टप्पा ५: चिपसेट

खाली उजवीकडे, साटा पोर्टच्या जवळ, चपट्या हीटसिंकखाली एक मोठी चौकोनी चिप असते, ती चिपसेट. हीटसिंक काढून नाव वाचायची गरज नाही, ते मॉडेलमधेच असतं: एच८१, एच११०, बी४५०, बी५५०, एच६१०. एच८१ म्हणजे ११५० सॉकेट, बी४५० म्हणजे एएम४, एच६१० म्हणजे १७००.

जुन्या ७७५ वाल्या बोर्डांवर, जी३१ किंवा जी४१ असलेल्या, दोन चिपा दिसतात. सीपीयूच्या खाली मोठ्या हीटसिंकची नॉर्थब्रिज आणि आणखी खाली साउथब्रिज. नॉर्थब्रिजचं काम आता प्रोसेसरच्या पोटात गेलंय, रॅमचा कंट्रोलरसुद्धा तिथेच, म्हणून नवीन बोर्डावर 'नॉर्थब्रिज कुठेय' असं शोधत बसू नका, ती नाहीये. जुन्या पुस्तकातून शिकवलेली मुलं परीक्षेत आणि प्रॅक्टिकलला दोन्हीकडे इथेच अडकतात.

टप्पा ६: कार्डांचे स्लॉट आणि एम.२

सगळ्यात लांब, साधारण ८९ मिलिमीटरचा, शेवटी खटका असलेला स्लॉट म्हणजे पीसीआय एक्सप्रेस एक्स१६, ग्राफिक्स कार्डाचा. अगदी आखूड, २५ मिलिमीटरचा तो एक्स१. जुना साधा पीसीआय स्लॉट बहुतेक पांढरा आणि लांबीला एक्स१६ च्या जवळपास, म्हणून गल्लत होते. मधला दांडा बघा: एक्सप्रेसमधे तो मागच्या पोर्टच्या बाजूला असतो, साध्या पीसीआयमधे दुसऱ्या टोकाला.

बोर्डावर दोन लांब स्लॉट असले तरी दोन्ही सारखे समजू नका. खालच्या स्लॉटमधे टॉर्च मारा, आतल्या सोनेरी पट्ट्या अर्ध्यातच संपलेल्या दिसल्या तर लांबी एक्स१६ ची आणि काम एक्स४ चं. ग्राफिक्स कार्ड वरच्यात लावा.

एम.२ म्हणजे बोर्डावर आडवा बसणारा छोटा स्लॉट, समोर थोड्या अंतरावर स्क्रूचं भोक. एसएसडी २२८० असली तर २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, स्क्रूचं भोक त्याच अंतराच्या खुणेवर पाहिजे. वायफाय कार्डाचा एम.२ वेगळा असतो, जागा आखूड आणि खाच दुसरीकडे.

तपासा: एसएसडी बसली म्हणजे चालेलच असं नाही. काही एम.२ स्लॉट फक्त एनव्हीएमई (वेगवान जातीची एसएसडी) घेतात, काही फक्त साटा जातीची, काही दोन्ही. हे डोळ्यांनी कळत नाही, मॅन्युअलमधेच कळतं. एम.२ वापरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो असंही काही बोर्डांत असतं, तेपण तिथेच लिहिलेलं सापडतं.

टप्पा ७: साटा

उजव्या काठावर एल आकाराचे छोटे पोर्ट, ७ पिनचे, डेटाचे. डिस्कची पॉवर बोर्डावरून येत नाही, ती एसएमपीएसच्या १५ पिनच्या केबलीनं येते. जुन्या बोर्डांवर ४० पिनचं आयडीई आणि त्याहून आखूड ३४ पिनचं फ्लॉपीचं दिसेल. झालं, इथे फारसं चुकत नाही कुणी.

टप्पा ८: सेल, जंपर, बायोसची चिप

गोल चकतीसारखा सेल सगळ्यांना ओळखता येतो: सीआर२०३२, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, व्होल्टेज ३. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदला. केबल काढून ठेवल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल तर पहिला संशय त्याच्यावर. अधिकची बाजू वर ठेवून बसवतात.

सेलच्या आसपास दोन किंवा तीन पिनांचा क्लिअर सीमॉसचा जंपर असतो, म्हणजे बायोसची सेटिंग पुसायच्या पिना आणि त्यांच्यावर बसणारी छोटी टोपी. नावं कंपनीप्रमाणे बदलतात: सीएलआर सीमॉस, सीएलआरटीसी, जेबॅट१. याच्यासारखे दिसणारे दुसरे जंपरपण बोर्डावर असतात, म्हणून नाव वाचल्याशिवाय टोपी हलवू नका आणि केबल लावलेली असताना तर मुळीच नाही.

बायोसची चिप आठ पायांची, नखाएवढी. वर '२५क्यू६४' किंवा '२५क्यू१२८' असा मजकूर असतो. ६४ म्हणजे ६४ मेगाबिट, म्हणजे ८ मेगाबाइट, आणि १२८ म्हणजे १६ मेगाबाइट. हे उलटं वाचून चुकीच्या साइजची फाइल शोधणारे पुष्कळ. चिपच्या एका कोपऱ्यातला ठिपका म्हणजे पहिली पिन, चिप वाचायची-लिहायची क्लिप लावायची वेळ आली तर तो ठिपका बघूनच लावायची.

टप्पा ९: हेडर, म्हणजे बारीक पिनांचे गट

खरी गल्लत इथे होते, त्यामुळे घाई करू नका. खालच्या काठावर दोन ओळींत उभ्या पिनांचे गट असतात, दहा पिनांच्या जागा आणि त्यातली एक मुद्दाम नसलेली. कोणती नाही त्यावरून हेडर ओळखतात.

एफ ऑडिओ, म्हणजे कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोन-माइकचं हेडर, यात आठवी पिन नसते. आठवी कोपऱ्यात येत नाही, कोपऱ्याच्या अलीकडे येते. म्हणून गायब पिन कोपऱ्यात नसली की ते ऑडिओ, आणि ते बहुतेक खालच्या डाव्या कोपऱ्यात मागच्या ऑडिओ जॅकच्या रांगेत असतं.

एफ यूएसबी २ (पुढचे यूएसबी) मधे नववी नसते, एफ पॅनलमधे (कॅबिनेटची बटणं आणि लाइट) दहावी. दोन्ही कोपऱ्यातल्याच, त्यामुळे इथे नुसत्या गायब पिनेवर जाऊ नका, नाव वाचा. जुन्या काही बोर्डांवर १३९४ नावाचं हेडर असतं, पिनांची रचना हुबेहूब यूएसबीसारखी, पण त्यात १२ व्होल्टपर्यंतचा सप्लाय असतो. पुढच्या यूएसबीची वायर त्यात लावून पेन ड्राइव्ह खोचला की पेन ड्राइव्ह गेला.

आता एफ पॅनल. बहुतेक बोर्डांवर जोडणी अशी: १ आणि ३ हार्ड डिस्कचा लाइट, २ आणि ४ पॉवरचा लाइट, ५ आणि ७ रीसेट, ६ आणि ८ पॉवर बटण. विषम नंबर एका ओळीत, सम दुसऱ्या ओळीत, गायब दहावीच्या विरुद्ध टोकाला १ आणि २. बटणांना उलटसुलट चालतं, लाइटना नाही. लाइटच्या वायरीत पांढरी किंवा काळी ती वजा, रंगीत ती अधिक. लाइट लागला नाही तर प्लग फिरवून लावा, काही जळत नाही.

कॅबिनेटचं बटणच खराब आहे का हे बघायचं असेल तर ६ आणि ८ ला स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा, मशीन चालू झालं तर बटण किंवा त्याची वायर गेलेली. मात्र त्याच दोन पिना, शेजारी घसरू देऊ नका.

यूएसबी ३ चं हेडर वेगळंच, भोवती प्लॅस्टिकची चौकट आणि आत १९ पिना. याचा प्लग घट्ट बसतो, काढताना हलवून हलवून ओढला की पिना वाकतात किंवा पूर्ण चौकटच उपटून हातात येते. एका हातानं चौकट धरा, दुसऱ्यानं प्लग सरळ वर.

पंख्यांची हेडरं तीन किंवा चार पिनांची. सीपीयू फॅन लिहिलेलं सॉकेटजवळच असतं, सीपीयूचा पंखा तिथेच लावा. सिस फॅनला (कॅबिनेटच्या पंख्याचं हेडर) लावला तर पंखा फिरतो पण बोर्ड चालू होताना 'सीपीयू फॅन एरर' देऊन थांबतो.

सावधान: नवीन बोर्डांवर आरजीबी (रंगीत सजावटीच्या) लाइटची दोन प्रकारची हेडरं असतात. चार पिनांचं १२ व्होल्टचं आणि चार जागांत तीन पिना असलेलं ५ व्होल्टचं. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टवर लावली की पट्टी जळते, लगेच.

टप्पा १०: बारीक चिपा आणि मागचे पोर्ट

चिप ओळखायला ती कुठल्या पोर्टच्या शेजारी आहे ते बघा. लॅन पोर्टजवळची चौकोनी चिप नेटवर्कची, खूपदा रियलटेकची ८१११. ऑडिओ जॅकच्या रांगेत खाली एएलसीनं सुरू होणारा नंबर, ८८७ किंवा ८९७ असा, तो साउंडचा. काठाकडे आयटीई किंवा नुवोटॉन लिहिलेली, चारी बाजूंना पाय असलेली मोठी चिप म्हणजे सुपर आयओ, ती पंखे, तापमान, पीएस/२ (मागचे गोल कीबोर्ड-माउस पोर्ट) असल्या गोष्टी बघते. रिपेअरवाले हिला नुसतं आयओ म्हणतात. चंदेरी छोटी डबी किंवा नळकांडी म्हणजे क्रिस्टल.

बारीक भागांशेजारच्या अक्षरांचा अर्थ लक्षात ठेवा: आर रेझिस्टर, सी कपॅसिटर, एल कॉइल, क्यू मॉसफेट किंवा ट्रान्झिस्टर, डी डायोड, एफ फ्यूज, यू चिप, वाय किंवा एक्स क्रिस्टल. यावरून लाल-तपकिरी बारका चौकोन रेझिस्टर की कपॅसिटर असा वाद घालायची वेळ येत नाही.

मागे मात्र रंग कामाचे आहेत, कारण इथले रंग बरेचसे ठरलेले: जांभळं कीबोर्ड, हिरवं गोल माउस, ऑडिओत हिरवं स्पीकर, गुलाबी माइक, निळं लाइन इन. यूएसबीत काळं बहुतेक २ आणि निळं ३.

तपासा: मागचं एचडीएमआय बोर्डावर असलं तरी चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं येतं. इंटेलचा नावात शेवटी एफ असलेला प्रोसेसर, किंवा रायझन ५ ५६००एक्ससारखा, लावला की त्या पोर्टातून काही येत नाही. बोर्ड चांगला असतो, केबल ग्राफिक्स कार्डाला लावायची असते.

टप्पा ११: फोटोवर नावं लिहा

सुरुवातीला काढलेला पूर्ण फोटो मोबाइलवर उघडा आणि प्रत्येक भागावर बोटानं नाव लिहा. ज्याच्यावर अडलात तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाजानं भरू नका. मग कंपनीच्या साइटवरून मॉडेल आणि रेव्हिजन टाकून मॅन्युअल उतरवा, सुरुवातीच्या पानांत बोर्डाचं चित्र असतं, त्याच्याशी एकेक ताडून बघा. प्रश्नचिन्हं बहुतेक हेडर आणि जंपरवरच उरतात.

पार्ट घ्यायला आरएनटी मार्गावर किंवा जेल रोडला जाणार असाल तर मोबाइलमधे चार फोटो पाहिजेत: मॉडेल आणि रेव्हिजन, सॉकेटवरचं नाव, रॅमच्या पट्टीचं स्टिकर, आणि एसएमपीएसच्या लेबलवरचा १२ व्होल्टचा आकडा. दुकानदार 'यही लगेगा' म्हणाला तरी रॅमची जुनी पट्टी खिशात घेऊन जा आणि नवीच्या खाचेला तिथेच लावून बघा, बिल नंतर.